सर्व्हरवर महापौराची निवडणूक घेताय? मतदानाच्या आधीची कामं आधी उरका

ऑनलाइन खेळांच्या बहुतेक सर्व्हरवर महापौराची निवडणूक एका पोलने सुरू होते आणि भांडणाने संपते. कोणीतरी डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर चार नावं टाकतं, चोवीस तासांत निकाल लागतो आणि मग प्रश्न निघतात. काल आलेल्या सहा जणांनी मत कसं दिलं? महापौराला खजिन्यातून किती काढता येतं? सभागृहातल्या पेट्यांना जुन्या महापौराचं कुलूप आहे, ते कोण काढणार? हे सगळं मतदानाआधी ठरायला हवं होतं. खालच्या टप्प्यांचा क्रम त्यासाठीच आहे. टप्पे पुढेमागे केले की बिघडतं.

उदाहरणं मुख्यतः टाऊनी प्लगइन (खेळाडूंना शहरं वसवू देणारी जोडसोय) असलेल्या माइनक्राफ्ट सर्व्हरची आणि सोबतच्या डिस्कॉर्डची घेतली आहेत, कारण तिथे ‘महापौर’ हे पद प्लगइनमध्येच आहे. दुसऱ्या खेळातल्या गिल्डला (खेळाडूंच्या संघाला) किंवा रोलप्ले सर्व्हरला हाच क्रम चालतो, फक्त बटणं वेगळी. हायपिक्सेल सर्व्हरवरच्या स्कायब्लॉक या खेळातली महापौर निवडणूक मात्र इथे धरलेली नाही. तिथे उमेदवार म्हणजे खेळातली पात्रं आणि निवडणूक दर १२४ तासांनी आपोआप होते. हरकत घ्यायला समोर माणूसच नाही.

## टप्पा १: पद आधी ठरवा, उमेदवार नंतर

महापौर काय करू शकतो हे उमेदवार उभे राहण्याआधी लिहून काढा. हे मागाहून ठरवलं की प्रत्येक अधिकार ‘अमुकला अडवायला’ किंवा ‘तमुकला द्यायला’ केल्यासारखा दिसतो, आणि बऱ्याचदा तसा असतोही.

एक कागद घ्या आणि तीन याद्या करा.

महापौर एकट्याने करू शकतो: प्लॉट वाटणं, प्लॉटचा भाव ठरवणं, नवीन रहिवासी घेणं, कार्यक्रम जाहीर करणं, सहायक नेमणं.

महापौर आणि आणखी एक जण मिळून: ठरलेल्या रकमेच्या वरचा खर्च, सार्वजनिक इमारत पाडणं, कर वाढवणं, रहिवाशाला शहराबाहेर काढणं.

महापौर करू शकत नाही: बंदी घालणं, कन्सोल (सर्व्हरला थेट आदेश देण्याची जागा) वापरणं, रोलबॅक (जग मागच्या स्थितीला नेणं), क्रिएटिव्ह मोड (अमर्याद माल फुकट), तक्रारींची खासगी तिकिटं वाचणं.

तिसरी यादी सर्वांत महत्त्वाची, कारण महापौर हा मॉडरेटर नसतो. सर्व्हरची सुरक्षितता मालक आणि ॲडमिनकडे, शहराचा कारभार महापौराकडे. ही रेघ पुसली की निवडणूक हरलेल्या गटाला पुढच्या प्रत्येक बंदीत राजकारण दिसतं.

टाऊनीत तीन गोष्टी आत्ताच तपासा.

शहर पुसून टाकण्याचा आदेश महापौराच्या हातात असतो. निवडून आलेल्या माणसाकडे हा अधिकार कशासाठी हवा? परवानग्यांच्या फाइलमधून तो काढून ॲडमिनकडे ठेवा.

शहराच्या बँकेतून महापौराला पैसे काढता येतात, आणि रोजचं भाडं त्याच बँकेतून कापलं जातं. शिल्लक संपली तर सेटिंगप्रमाणे शहर कर्जात जातं किंवा कोसळतं. म्हणून ‘बँकेत कायम किमान १४ दिवसांचं भाडं राहील’ असा नियम घाला आणि त्याखाली जाणारा खर्च दोघांच्या संमतीचा करा.

तिसरी गोष्ट हमखास विसरली जाते. शहर एखाद्या राष्ट्राची राजधानी असेल तर त्याचा महापौर हाच राष्ट्राचा राजा असतो. म्हणजे एका शहराच्या ४० जणांनी मत दिलं आणि बाकीच्या पाच शहरांचा राजा बदलला! यावर दोनच मार्ग आहेत. एकतर मतदार यादीत सगळं राष्ट्र घ्या, नाहीतर निवडणुकीआधी राजधानी दुसऱ्या शहरात हलवा.

डिस्कॉर्डवर महापौराच्या रोलला ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ परवानगी देऊ नका. ती असली की चॅनलवर घातलेली सगळी बंधनं फोल ठरतात. ‘रोल सांभाळा’ ही परवानगीही नको, कारण ती असलेला माणूस आपल्या खालचे सगळे रोल कोणालाही वाटू शकतो. सगळ्यांना एकदम टॅग करण्याचा अधिकार फक्त घोषणांच्या चॅनलपुरता द्या.

मालकाला नकाराधिकार ठेवायचा असेल तर खुशाल ठेवा, पण कारणांसकट: सर्व्हरची सुरक्षितता, खेळाच्या कंपनीचे नियम, खेळाडूंची खासगी माहिती. ‘मालकाचा निर्णय अंतिम’ एवढंच लिहिलं असेल तर निवडणूक घेण्याचे कष्ट वाचवा आणि सरळ नेमणूक करा.

> तपासा: टेस्ट सर्व्हरवर एका रिकाम्या खात्याला महापौर करा आणि तिसऱ्या यादीतली प्रत्येक गोष्ट त्या खात्याने करून बघा. एक जरी जमली तरी परवानग्या चुकल्या आहेत.

## टप्पा २: वेळापत्रक

२१ दिवस पुरतात. त्याहून कमी घेतले तर फक्त शनिवार-रविवार खेळणारे निसटतात, जास्त घेतले तर लोक कंटाळतात.

- दिवस १: नियम, कच्ची मतदार यादी आणि वेळापत्रक एकत्र जाहीर
- दिवस १ ते ४: यादीवर हरकती, ४ च्या शेवटी यादी गोठते
- दिवस ३ ते ७: अर्ज
- दिवस ८: छाननी आणि माघार
- दिवस ९ ते १४: प्रचार
- दिवस १५ ते १७: मतदान, पूर्ण ७२ तास
- दिवस १८: मोजणी आणि निकाल
- दिवस १८ ते २०: निकालावर हरकती
- दिवस २१: पदभार

वेळ लिहिताना ‘शुक्रवारी मध्यरात्री’ असं कधीही लिहू नका. ती गुरुवारनंतरची मध्यरात्र की शनिवारच्या आधीची, यावर दोन्ही बाजू खऱ्याच असतात. ‘२३:५९’ लिहा, सोबत टाइमझोन द्या. डिस्कॉर्डच्या टाइमस्टॅम्प सोयीने लिहिलेली वेळ प्रत्येकाला त्याच्या घड्याळाप्रमाणे दिसते. ती वापरलीत तर निम्मे प्रश्न येतच नाहीत.

मतदानाच्या तीन दिवसांत सर्व्हरची आवृत्ती बदलायची नाही, जग रीसेट करायचं नाही, मोठी स्पर्धाही ठेवायची नाही.

## टप्पा ३: मतदार यादी

निवडणुका रद्द होतात त्या बहुधा इथल्या चुकांमुळे, म्हणून इथे घाई नको.

पात्रतेची तारीख घोषणेच्या आधीची ठेवा. ‘घोषणेच्या आदल्या दिवशी ज्यांचे ३० दिवस पूर्ण झाले ते मतदार’ असा नियम केला की घोषणा ऐकून उघडलेली खाती आपोआप बाहेर राहतात. हीच तारीख घोषणेच्या नंतरची ठेवली, तर प्रत्येक उमेदवार मित्रांना बोलावतो.

नावाने नाही, यूयूआयडीने (खात्याच्या ओळख क्रमांकाने) नोंदवा. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीत दर ३० दिवसांनी नाव बदलता येतं. २१ दिवसांच्या वेळापत्रकात कोणी ना कोणी नाव बदलतंच, आणि मग यादीतला माणूस सापडत नाही. यूयूआयडी बदलत नाही. अपवाद ऑफलाइन मोडवर चालणाऱ्या सर्व्हरचा: तिथे यूयूआयडी नावावरूनच बनतो, त्यामुळे दुसऱ्याच्या नावाने आत शिरणं सोपं असतं. अशा सर्व्हरवर पासवर्डने लॉगिन करायला लावणारं प्लगइन नसेल तर निवडणूक घेऊच नका.

बेडरॉकवाले दोनदा मोजले जातात. बेडरॉक ही माइनक्राफ्टची दुसरी आवृत्ती, आणि फ्लडगेट हे तिच्या खेळाडूंना जावा सर्व्हरवर येऊ देणारं प्लगइन. फ्लडगेटमधून येणाऱ्या बेडरॉक खेळाडूच्या नावाआधी, सेटिंग बदललं नसेल तर, एक टिंब असतं आणि त्याचा यूयूआयडी वेगळा असतो. कॉम्प्युटरवर जावा आणि फोनवर बेडरॉक खेळणारा एकच माणूस यादीत दोन ओळी घेतो. टिंबवाली सगळी नावं वेगळी काढा आणि प्रत्येकाला त्याचं जावा खातं आहे का ते विचारा. खाती जोडलेली असतील तर हा प्रश्न उरत नाही.

खेळाचे तास नीट काढा. साधा निकष: गेल्या ६० दिवसांत किमान १० तास. माइनक्राफ्टच्या आकडेवारीत खेळलेला वेळ तासांत नसतो, टिकमध्ये असतो. सेकंदाला २० टिक, म्हणजे तासाला ७२,०००. आवृत्ती १.१७ च्या आधी या नोंदीचं नाव ‘प्ले वन मिनिट’ असं होतं, पण मोजले जात होते टिकच. त्या नावाला भुलून ६० ने भागणारे अजून भेटतात.

दुसरी अडचण अशी की हा आकडा पहिल्या दिवसापासूनचा एकूण असतो, ६० दिवसांचा नसतो. म्हणून दोन नोंदी लागतात. समजा ६० दिवसांपूर्वीच्या बॅकअपमध्ये एका खेळाडूचे टिक ५१,८४,००० होते आणि पात्रतेच्या तारखेला ५९,७६,००० झाले. फरक ७,९२,०००, त्याला ७२,००० ने भागलं की ११ तास. तो पात्र. जुना बॅकअप नसेल तर ६० दिवसांचा निकष लावताच येणार नाही. तेव्हा एकूण तास आणि शेवटच्या लॉगिनची तारीख एवढ्यावर भागवा, आणि पुढच्या निवडणुकीसाठी आजच नोंद काढून ठेवा.

या आकड्यात नुसतं उभं राहिलेला वेळही धरला जातो. मॉब फार्मवर (राक्षस आपोआप मारून माल गोळा करणाऱ्या जागी) रात्रभर खातं उभं करून झोपणाऱ्याचे आठ तास आरामात जमतात. एएफके (खेळाडू जागेवर नसतानाचा वेळ) वेगळा मोजणारं प्लगइन असेल तर तो वजा करा. नसेल तर तासांची अट कमी ठेवा आणि ‘किमान ८ वेगवेगळ्या दिवशी लॉगिन’ अशी जोडअट घाला. दिवस फुगवणं तासांपेक्षा कठीण जातं.

जोडखाती. एकच आयपी म्हणजे एकच माणूस नव्हे. एका घरातले भाऊ-बहीण, वसतिगृहातले मित्र, एकाच मोबाइल कंपनीचे अनोळखी ग्राहक, सगळ्यांचा आयपी एक दिसू शकतो. नुसत्या आयपीवरून कोणाला कापू नका. किमान दोन खुणा हव्यात: आयपी एक, आणि दोन्ही खाती कधीच एका वेळी ऑनलाइन नाहीत; किंवा आयपी एक, आणि दुसऱ्या खात्याचा सगळा माल पहिल्याकडेच जातो. मग त्या खेळाडूला एकट्याला विचारा, चॅनलवर नाही.

> सावध: जाहीर यादीत फक्त खेळातलं नाव असावं. आयपी, ईमेल, खरं नाव, वय यातलं काहीही नको. ‘पारदर्शकता’ म्हणून आयपीची शीट टाकणारे ॲडमिन निवडणुकीपेक्षा मोठं संकट ओढवून घेतात.

यादी गोठली की गोठली. ‘माझा जुना मित्र राहिला’ हे खरं असलं तरी उत्तर एकच: पुढच्या वेळी.

## टप्पा ४: नियमांचा मसुदा

नियम एका पानात बसायला हवेत. जे प्रसंग हमखास येतात आणि ज्यांच्यावर मागाहून नियम करता येत नाही, ते मात्र सुटू देऊ नका.

मत कसं मोजायचं. दोनच उमेदवार असतील तर ज्याला जास्त मतं तो विजयी, विषय संपला. तीन किंवा अधिक असतील तर पसंतीक्रम घ्या. का, ते आकड्यांत बघा. ६० मतं, तीन उमेदवार:

अ – २४, ब – २०, क – १६.

साध्या पद्धतीने अ जिंकतो, पण ३६ जणांची पहिली पसंती त्याला नाही. पसंतीक्रमात सर्वांत मागचा क बाद होतो आणि त्याच्या १६ मतपत्रिकांची दुसरी पसंती बघतात. समजा १३ ब कडे, २ अ कडे, आणि एकाने दुसरी पसंती लिहिलीच नाही. आता ब – ३३, अ – २६, संपलेली मतपत्रिका १. उरलेल्या ५९ पैकी ३० हवीत. ब निवडून आला. ईव्ह ऑनलाइन या खेळात खेळाडूंची परिषद २००८ पासून निवडली जाते आणि तिथेही मतदार आता नावं पसंतीच्या क्रमाने लावतात.

संपलेली मतपत्रिका बहुमताच्या हिशोबातून वजा होते की नाही, हे नियमात स्पष्ट लिहा. वर ती वजा केली आहे. लिहिलं नसेल तर अटीतटीच्या मोजणीत दोन विजेते निघतात.

पसंती जास्तीत जास्त तीन घ्या. सहा-सात उमेदवारांचा पूर्ण क्रम मागितला की तो क्रम सहीसारखा होतो. ‘पहिला मी, मग फ, ड, ब, इ, क अशी लाव’ असं सांगणाऱ्याला जाहीर झालेल्या मतपत्रिकांत ती ओळ सापडते.

समसमान मतं. बाद करताना दोघं सारखे मागे असतील तर पहिल्या पसंतीची मतं कमी असलेला जातो. तिथेही बरोबरी असेल किंवा शेवटच्या फेरीतच बरोबरी असेल तर सर्वांसमोर चिठ्ठी. चिठ्ठी कोण काढणार तेही आधी लिहा.

एकच अर्ज आला तर बिनविरोध जाहीर करून मोकळं होऊ नका. ‘हो / नाही’ मतदान घ्या. ज्याला कोणी नको म्हणू शकलं नाही, त्याच्या आदेशाला पुढे वजन राहत नाही.

किमान मतदान. ३०% ठेवा, पण ते झालं नाही तर काय हेही लिहा. नुसती अट ठेवली की हरणारा गट मतदानावर बहिष्कार टाकून निवडणूक पाडतो. उपाय: मुदत एकदाच ४८ तासांनी वाढेल, त्यानंतर जेवढी मतं पडतील त्यावर निकाल.

कार्यकाळ ६० ते ९० दिवस, सलग दोनपेक्षा जास्त वेळा नाही. गैरहजेरी: न कळवता १० दिवस लॉगिन नाही तर कारभार उपमहापौराकडे.

नियमबदल. अर्ज घेणं सुरू झालं की नियम बंद. नंतर सापडलेली त्रुटी कितीही ढोबळ असली तरी दुरुस्ती पुढच्या निवडणुकीपासून.

## टप्पा ५: अर्ज, छाननी, प्रचार

निवडणूक अधिकारी तीन असावेत आणि तिघंही उमेदवार नसावेत. मावळता महापौर अधिकारी होऊ शकत नाही, मग तो उभा राहणार असो वा नसो.

अर्जात एवढंच: नाव आणि यूयूआयडी, मतदार यादीतले तीन अनुमोदक, दहा ओळींपर्यंतचा कार्यक्रम, आणि हितसंबंध. हितसंबंध म्हणजे सर्व्हरवर मोठं दुकान चालवतो का, दुसऱ्या शहरात पद आहे का, ॲडमिन टीममध्ये आहे का. टीममधला माणूस उभा राहत असेल तर अर्जाच्या दिवसापासून निकालापर्यंत त्याचे टीमचे अधिकार काढून ठेवा.

छाननीत अर्ज फक्त नियमात लिहिलेल्या कारणासाठी बाद होतो. ‘वागणूक बरी नाही’ हे कारण नव्हे. ते मतदार बघतील.

प्रचारासाठी एक चॅनल, प्रत्येकाला एक मुख्य पोस्ट, स्पॉनवर (खेळाडू जिथे उतरतात त्या जागी) एकेक फलक सारख्या मापाचा. चॅनलला स्लोमोड (एकाच माणसाच्या दोन मेसेजमधलं सक्तीचं अंतर) लावा, तो सहा तासांपर्यंत वाढवता येतो. हिरे, प्लॉट किंवा पद देऊन मत मागणं बंद. ही अट पाळली जाते का ते शेवटी मतदान गुप्त आहे की नाही यावर अवलंबून असतं: विकत घेतलेलं मत आपल्यालाच पडलं का हे ज्याला कळत नाही, तो हिरे फार काळ वाटत नाही.

## टप्पा ६: मतपेटी

डिस्कॉर्डचा स्वतःचा पोल महापौराच्या निवडणुकीला चालत नाही. कोणी कोणाला मत दिलं ते त्यात सगळ्यांना दिसतं आणि चालू आकडेही दिसतात. शिवाय तुमची गोठवलेली यादी त्याला माहीत नसते. चॅनल ज्याला दिसतं तो मतदार. इमोजीवर मतं घेणं त्याहून वाईट. पोल वापरा, पण सणाच्या सजावटीचा रंग ठरवायला.

गूगल फॉर्म आणि संकेतांक ही जोडी छोट्या-मध्यम सर्व्हरला पुरते. काम दोघांत वाटा: एक यादीवाला, एक पेटीवाला.

1. यादीवाला प्रत्येक मतदारासाठी आठ अक्षरांचा यादृच्छिक इंग्रजी संकेतांक बनवतो. त्यातून शून्य आणि ओ, एक, आय आणि एल ही चिन्हं वगळायची. हाताने टाइप करताना लोक तीच चुकतात.
2. नाव आणि संकेतांक यांची जोडी फक्त यादीवाल्याकडे. पेटीवाल्याला नुसते संकेतांक, तेही क्रम विस्कटून.
3. फॉर्म पेटीवाल्याच्या खात्यातून. संपादनाचा अधिकार दुसऱ्या कोणालाही नाही. ईमेल गोळा करणं बंद.
4. फॉर्ममध्ये दोनच प्रश्न: संकेतांक, आणि पसंतीचा तक्ता. तक्त्यात ओळींना उमेदवार, स्तंभांना पहिली-दुसरी-तिसरी पसंती. ‘एका स्तंभात एकच उत्तर’ चालू, ‘प्रत्येक ओळीला उत्तर आवश्यक’ बंद, ‘ओळींचा क्रम बदलता ठेवा’ चालू, म्हणजे यादीत वर असल्याचा फायदा कोणा एकालाच मिळत नाही.
5. ‘एका व्यक्तीला एकच प्रतिसाद’ ही सोय बंदच ठेवा. ती गूगल खात्यावर चालते, आणि एकाची चार खाती असतात. इथे पहारा संकेतांकाचा आहे.
6. एका संकेतांकावर दोन मतं आली तर मुदतीतलं शेवटचं धरायचं. कोणी शेजारी बसून मत द्यायला लावलं असेल तर त्या माणसाला नंतर बदलता येतं.

यादीवाला आणि पेटीवाला एकत्र आले तर गुप्तता संपते, हे उघड आहे. म्हणून दोघं एकाच गटातले नसावेत. तिसरा अधिकारी दोघांवर नजर ठेवतो आणि तक्रारी घेतो.

संकेतांक डिस्कॉर्डच्या खासगी मेसेजने पाठवाल, पण सर्व्हरवरच्या लोकांचे मेसेज अनेकांनी बंद केलेले असतात. अशांना इसेन्शियल्स-एक्स प्लगइनच्या मेलने खेळातच पाठवा. मतदान उघडण्याच्या २४ तास आधी ‘ज्यांना संकेतांक मिळाला नाही त्यांनी कळवा’ अशी सूचना टाका.

> तपासा: पाच खोटी मतं टाकून बघा: एक बरोबर, एक चुकीच्या संकेतांकाची, एक दुबार, एक फक्त पहिल्या पसंतीची, एक फोनवरून. मग ती पुसा, दोन्ही ठिकाणांहून. फॉर्ममधून प्रतिसाद पुसले तरी जोडलेल्या शीटमध्ये ते तसेच राहतात. मतदान उघडताना दोन्हीकडे शून्य हवं.

७२ तासांत दिवसातून एकदा फक्त ‘किती मतं पडली’ एवढं जाहीर करा. कोण पुढे आहे हे अधिकाऱ्यांनी कुठेही, कोणालाही, गंमतीतही सांगू नये. फॉर्म किंवा डिस्कॉर्ड दोन तासांहून जास्त बंद पडलं तर तेवढाच वेळ मुदत वाढेल, हेही नियमात आधीच असावं.

## टप्पा ७: मोजणी

वेळ संपताच पेटीवाला फॉर्म बंद करतो, शीटची एक प्रत काढतो आणि मूळ शीटला हात लावत नाही. प्रतीवर काम या क्रमाने: चुकीचे संकेतांक बाद, दुबारपैकी जुनी बाद, पहिली पसंतीच नसलेली बाद. बाद केलेल्या प्रत्येक ओळीसमोर कारण.

मग दोन अधिकारी वेगवेगळे मोजतात आणि आकडे शेवटी एकमेकांना दाखवतात. प्रत्येक फेरीची बेरीज (उमेदवारांची मतं अधिक संपलेल्या मतपत्रिका) वैध मतांएवढी आलीच पाहिजे. वरच्या उदाहरणात ३३ + २६ + १ = ६०. बेरीज जुळत नसेल तर निकाल जाहीर करायचा नाही, मग चॅनलवर कितीही घाई चालू असो.

जाहीर करताना दोन वेगळ्या याद्या द्या: वापरलेले संकेतांक वर्णक्रमाने, आणि मतपत्रिका क्रम विस्कटून. पहिलीत प्रत्येकाला आपलं मत धरलं गेलं का ते कळतं, दुसरीत कोणालाही पुन्हा मोजता येतं. दोन्ही एकत्र छापल्या तर मत विकणाऱ्याच्या हातात पावतीच पडते. शीटमधला वेळेचा स्तंभ आधी काढा. ‘आत्ताच मत दिलं’ असं ९:४२ ला लिहिणारा त्या स्तंभावरून ओळखता येतो.

शेवटच्या फेरीतला फरक दोन मतांचा किंवा कमी असेल तर मागणीची वाट न बघता फेरमोजणी करा. हरकत लेखी, ४८ तासांत, कोणत्या नियमाचा भंग झाला ते सांगून.

## टप्पा ८: पदभार

पदभाराच्या आधी सर्व्हरचा बॅकअप घ्या. मग शहराच्या बँकेची शिल्लक, सार्वजनिक पेट्यांतला माल आणि विकायचे उरलेले प्लॉट यांची नोंद करून मावळत्या आणि नव्या दोघांनी त्यावर संमती द्यायची. कोअरप्रोटेक्ट (कोणी काय हलवलं ते नोंदवणारं प्लगइन) चालू असेल तर शेवटच्या आठवड्यात पेट्यांतून काय गेलं ते बघता येतं. निकाल आणि पदभार यांच्या मधल्या तीन दिवसांत खजिना हलका होण्याची जुनी खोड असते. त्या काळात खर्च बंद ठेवा.

टाऊनीत महापौर बदलण्याचं काम ॲडमिनने करावं. मावळत्या महापौरावर सोडलं तर तो नेमका त्या आठवड्यात ऑनलाइन येत नाही. शहराला महापौर नसलेला क्षण टाऊनीत नसतो, त्यामुळे नाव एका आदेशात बदलतं, पण बाकीचं हाताने काढावं लागतं:

- मावळत्या महापौराने नेमलेले सहायक, ज्यांना नवा महापौर ठेवणार नाही
- डिस्कॉर्डचा रोल, आणि एखाद्या चॅनलवर त्या व्यक्तीच्या नावाने दिलेली वेगळी परवानगी (रोल काढला तरी ती राहते)
- सार्वजनिक पेट्या आणि दारांवर त्याच्या नावाची कुलपं
- त्याच्या नावावर चालणारी शहराची दुकानं

परवानग्या लकपर्म्स या प्लगइनमधून देत असाल तर महापौराचा गट मुदतीसह द्या: कार्यकाळ ९० दिवसांचा असेल तर ९३ दिवस. मुदत संपली की अधिकार आपोआप जातात आणि निवडणूक लांबवण्यात कोणाला रस राहत नाही.

## टप्पा ९: मुदतीच्या मध्ये काही झालं तर

परत बोलावणं. मूळ मतदार यादीतल्या २५% जणांची सही आणि एक लेखी कारण असेल तरच. पहिले १५ दिवस नाही, एका कार्यकाळात एकदाच. सह्या भरल्या की सात दिवसांत ‘राहावे / जावे’ मतदान, त्याच संकेतांक पद्धतीने, नवे संकेतांक देऊन. उंबरठा १०% ठेवलात तर हरलेला गट दर पंधरवड्याला अर्ज आणेल.

पद रिकामं झालं तर दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला आपोआप बसवू नका. शेवटच्या फेरीत अर्ध्याहून अधिक लोकांनी त्याच्याऐवजी दुसऱ्याला निवडलेलं असतं. उपमहापौर जास्तीत जास्त १४ दिवस काळजीवाहू राहील, तोवर पोटनिवडणूक. कार्यकाळाचा तिसरा हिस्सादेखील उरला नसेल तर पोटनिवडणूक टाळून पुढची नियमित निवडणूकच लवकर घ्या. काळजीवाहूने रोजचं भाडं भरावं, नवे रहिवासी घ्यावेत. पाडकाम, करवाढ आणि मोठा खर्च करू नये.

नोंदी. डिस्कॉर्डचा ऑडिट लॉग (कोणी काय बदललं याची नोंद) ४५ दिवसांचाच राहतो, म्हणजे ९० दिवसांच्या कार्यकाळाचा पहिला अर्धा भाग शेवटी दिसतच नाही. महिन्यातून एकदा त्याची प्रत काढा. नियम, गोठवलेली यादी, विस्कटलेल्या मतपत्रिका आणि पदभाराची नोंद जपून ठेवायची. नाव आणि संकेतांक यांची जोडी मात्र हरकतींची मुदत संपताच यादीवाल्याने तिसऱ्या अधिकाऱ्यासमोर पुसायची, आणि रिसायकल बिनमधूनही.